ओक्बुन आक्काचं मेणाचं जाकीट

कोरियातल्या आमच्या सोंगजूत उन्हाळ्यात खरबुजाच्या पॉलिहाऊसात शिरलं की माणसाचा उकडलेला बटाटा होतो. शेजारची ओक्बुन आक्का त्यात चाळीस वर्षं वाकली आहे. वय एकोणऐंशी, जीभ मिरचीची. गेल्या उन्हाळ्यात ती वेलींतच चक्कर येऊन पडली, तेव्हा तिचा मुलगा ग्यूतेक म्हणाला, "आई, अजून एकदा पडलीस तर सगळं प्लास्टिक मी स्वतः उतरवीन."

"उतरव की! तुझ्या बापानं रोवलेला एक पाइप तरी उपटून दाखव."

पण मनातून ती घाबरली. खरबुजांशिवाय ती करणार काय?

सून ह्येरान देगू शहरातल्या कापड गिरणीत कामाला. यंदा तिनं चाचणीचं एक जाकीट आणलं. धाग्यात मेणाचे बारीक कण. अंग तापलं की मेण वितळून ऊब पिऊन टाकतं, गारव्यात ठेवलं की परत थिजतं. आक्का ते घालून दोन तास खुडायची, मग जाकीट किमचीच्या, म्हणजे लसूण-मिरची लावून आंबवलेल्या कोबीच्या, फ्रीजमध्ये. लसणाचा वास यायचा, पण बाई टवटवीत.

आठ दिवसांनी ते गिरणीला दाखवायला न्यायचं होतं. चुरगळलेलं कसं पाठवायचं? आक्कानं धुऊन खळ दिली आणि दगडावर ठेवून दोन दांडक्यांनी कुटायला घेतलं. आमच्या पिढीत न कुटलेलं कापड म्हणजे न विंचरलेलं डोकं. समोर बसून दुसरी दोन दांडकी मीच चालवली. काय ताल धरला होता आम्ही! थांबून बघतो तर कण फुटून कापडभर मेणचट डाग. दुसऱ्या दिवशी तेच घालून आत गेलेली आक्का तासाभरात लालबुंद होऊन बाहेर आली.

"ग्यूतेकला सांगू नकोस गं," मला म्हणाली. पण सुनेला तिनं स्वतःच सांगितलं.

"अहो आई, कुटलंत?" ह्येरान कपाळाला हात लावून खाली बसली. मग हसत सुटली. "मशीनमध्ये पन्नासदा धुऊन पाहिलं आम्ही. दांडक्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही!"

गिरणीतली माणसंही हसली म्हणे. त्यांनी जाड अस्तराची दोन जाकिटं पाठवली, एक अंगात, एक फ्रीजमध्ये. रविवारी ग्यूतेक दिवसभर पॉलिहाऊसच्या दारात पहारा देत बसला. आक्का दर दोन तासांनी आपल्या पायांनी बाहेर आली, जाकीट बदलून परत आत. संध्याकाळी टोपल्या भरलेल्या.

त्यानं एक टोपली उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "आई, पुढच्या हंगामाची रोपं किती मागवू?"

"सगळ्या वाफ्यांची. आणि लावायला ये. कंबर काय मला एकटीलाच आहे?"