खंडेनवमीला न थांबवलेली प्रेस

परदेशात, हॅमिल्टनजवळच्या एका लॅबमध्ये मी कार्बन फायबरच्या वस्तू तापवून, दाबून, मोडून बघायचो. माझी बायको हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं की ती सांगायची, "हा दिवसभर तोडफोड करतो आणि संध्याकाळी तिचा रिपोर्ट लिहितो."

त्या ऑक्टोबरात आमच्याकडे एक ब्रॅकेट, म्हणजे आधाराचा तुकडा, आला होता. शेतांवर खत टाकणाऱ्या छोट्या विमानात, इंजिनाच्या तापलेल्या नळीशेजारी बसणारा. आधीचा धातूचा होता, हा कार्बनचा, वजनाला निम्मा. विमानाचा पायलट, साठीचा गोरा माणूस, स्वतःच तो घेऊन आला होता. तसलेच तीन नमुने मी गरम ओव्हनमध्ये प्रेसखाली दहा-दहा मिनिटं दाबून ठेवले होते आणि तिन्ही पास झाले होते. चौथा झाला की मी सही करणार होतो आणि दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट विमानात चढणार होता.

सकाळी चौथ्या नमुन्यावर भार चढवला आणि बायकोचा फोन आला.

"अरे, आज खंडेनवमी ना! पूजा केलीस का मशीनची? डब्यात हळदकुंकवाची पुडी ठेवलीय."

मी साफ विसरलो होतो. लगबगीने प्रेसच्या खांबाला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोसरीला बाबांच्या वर्कशॉपमध्ये आधी यंत्रं बंद करायची, मग पूजा, आणि त्यानंतर दिवसभर यंत्राला हात लावायचा नाही. मी चालू यंत्राची पूजा करून बसलो होतो. दहा मिनिटं झाली, पण प्रेस बंद करायचं बटण दाबायला हात धजेना. एवढा शिकलेला इंजिनियर मी, पण धजेना म्हणजे धजेना.

बॉसबाईंना सगळं सांगितलं. त्या खो खो हसल्या. "स्वीट ॲज," म्हणाल्या, म्हणजे तिकडच्या बोलीत 'काही हरकत नाही'. "राहू दे तसंच. यंत्रालाही सण हवाच."

मग मी खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसलो. तासाभराने स्क्रीनवरचा शेवटचा आकडा बदलला. ब्रॅकेट केसभर दबला होता. पुन्हा थोड्या वेळाने आणखी केसभर. धूर नाही, वास नाही, रंगात फरक नाही. आतले काळे धागे त्या उष्णतेला भीक घालत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं रेझिन उन्हात ठेवलेल्या चिक्कीतल्या गुळासारखं नरम पडत होतं. धरणारं कोणी उरलं नाही, तसे ते चिवट धागे भाराखाली कलत चालले होते. थंड असताना अख्खी मोटारगाडी तोलणारी ही वस्तू माझ्या डोळ्यांदेखत, इतक्या शांतपणे हार मानत होती. मी थक्क होऊन बघत राहिलो. डबा उघडायचंही सुचलं नाही.

तीन तास उलटून गेल्यावर 'टक्' असा छोटासा आवाज झाला आणि ब्रॅकेट मधोमध दुमडला.

दुपारी पायलट सही झालेला रिपोर्ट न्यायला आला. मी त्याच्या हातात दुमडलेला ब्रॅकेट ठेवला आणि पूजेसकट सगळं सांगितलं. माझे कान तापले होते. त्याने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. चिडला नाही.

"दहा मिनिटं कोणी ठरवली होती?"

"मी."

"मी सकाळी सहाला इंजिन सुरू करतो," तो म्हणाला. "खत भरायला दर थोड्या वेळाने खाली उतरतो, पण इंजिन बंद करतो ते थेट जेवायच्या वेळी."

तीन आठवडे हा माणूस लॅबमध्ये येत-जात होता, आणि मी त्याला एवढं एकदाही विचारलं नव्हतं.