साडूचं नारिंगी जाकीट

रेल्वेत नोकरी करतानाच यशवंतरावांनी उंचावरचा प्लॉट घेतला आणि घराचं जोतंही कमरेएवढं उचललं. त्यांचे साडू दिवाकर यांनी रायपुरातच तेलीबांध्याकडे सखलात घर बांधलं. पुढं दर पावसाळ्यात दिवाकररावांच्या घरात पाणी शिरायचं आणि यशवंतराव सांत्वनाला जायचे. सांत्वन करणं त्यांना मनापासून आवडायचं.

रायपूर राजधानी झालं आणि संकटं येण्याआधी तयारी करावी, असं सरकारच्या मनात आलं. पाणी भरणाऱ्या वस्त्यांत बचाव दलं उभी राहिली. दिवाकररावांना प्रशिक्षण मिळालं, दोरखंड मिळाला, भोंगा मिळाला, शिटी मिळाली. शिवाय पाठीवर 'बचाव दल' लिहिलेलं नारिंगी जाकीट. ते घालून ते नातेवाइकांच्या बारशालाही आले.

"हे काहून घालून आले?" यशवंतरावांनी विचारलं.

"ड्यूटी कधी लागंल, सांगता येते का भाऊ?"

पोट्टे पाळणा सोडून जाकिटाभोवती जमले. यशवंतरावांना पेढा कडू लागला.

दुसऱ्या दिवशी ते महापालिकेच्या झोन ऑफिसात गेले. "साहब, हमारे मोहल्ले को भी खतरे में लीजिए."

"दादा, वहाँ तो पानी भरता ही नहीं."

"भर सकता है."

"कैसे?"

जोतं जरा उंचच झालं, अशी कबुली यशवंतरावांनी दिली. जोतं उंच बांधल्याचा पश्चात्ताप करणारा घरमालक साहेबांनीही प्रथमच पाहिला असावा. त्यांनी विचार करून यशवंतरावांचं आवार 'सुरक्षित ठिकाण' ठरवलं. पूर आला की लोकांना तिथं आणायचं.

"और जैकेट?"

"सुरक्षित जगह को जैकेट नहीं लगती, दादा."

मग सराव झाला. दिवाकरराव शिटी फुंकत सगळी वस्ती घेऊन आले, तर फाटकाला कुलूप. किल्ली सापडेना. ती यशवंतरावांच्या खिशात होती आणि ते खिसा सोडून सगळीकडे शोधत होते. अखेर फाटक उघडलं. पायरीवर उभं राहून दिवाकरराव भोंग्यातून म्हणाले, "आइए, अपना ही घर समझिए." यशवंतरावांच्या पत्नी कांताबाईंनी सगळ्यांना चहा केला. नंतरच्या बैठकीत दिवाकररावांनी सांगितलं, की सराव उत्तम झाला, फक्त सुरक्षित ठिकाणी पोचायला जरा धोका होता.

"कुलूप लावाले कोणं सांगतलं होतं तुम्हाले?" कांताबाईंनी घरी विचारलं. यशवंतराव पेपर वाचत राहिले.

ऑगस्टात खरंच पाणी आलं. त्या दिवशी यशवंतरावांनी सकाळीच कुलूप काढून ठेवलं. दिवाकररावांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्याबाहेर काढलं आणि शेवटी स्वतः आले, कुडकुडत. यशवंतरावांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. आपला कोरडा सदरा दिला आणि जाकीट वऱ्हांड्यात वाळत घातलं.

जेवण झाल्यावर दिवाकररावांनी कांताबाईंना विचारलं, "ताई, जाकीट कुठं हाय माह्यं?"

"फाटकावर पाहा न."

फाटकावर यशवंतराव नारिंगी जाकीट घालून उभे होते आणि वस्तीतलं सामान आणणाऱ्या टेम्पोला हात करत होते. साडू दिसताच म्हणाले, "ओलं होतं. अंगावर लवकर वाळते."

दिवाकररावांनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "शोभून राहिलं तुम्हाले. राहू द्या वाळेपर्यंत."

टेम्पो आत यायला अडखळला. यशवंतरावांनी जाकिटाचे दोन्ही खिसे चाचपले. शिटी नव्हती. ती त्यांनीच दिलेल्या कोरड्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि त्या खिशावर दिवाकररावांचा हात होता.