शेवंतीचं बाळंतपण

घरात साप पाळले की किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. लग्नात गाठ पडो नाहीतर मेडिकलच्या काउंटरवर, कुणीतरी विचारतंच, "काय गं, कशी आहेत तुझी जनावरं?" मी एक सांगायला घेते, तोवर मागचे दोन आठवतात. ऐकणारे हसून हसून बेजार होतात. मी मात्र सांगतानाही पाय वर घेऊन बसते. कारण यातलं काहीही घडत असताना मला हसू आलं नव्हतं!

माझा नवरा प्रसाद भोरला ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवतो. त्यानं बॉल पायथनची जोडी आणली. परदेशी अजगर, बिनविषारी, वनखात्याकडे रीतसर नोंद केलेले. नराचं नाव भोपळ्या, मादीचं शेवंती. भ्यायले की वेटोळं करून त्यांचा चेंडू होतो म्हणे. म्हटलं, "भ्यायल्यावर चेंडू व्हायची सोय मलाही असती तर!"

सासूबाई मार्गासनीच्या. त्या 'साप' शब्द तोंडातून काढत नाहीत, 'लांबडं' म्हणतात.

प्रसाद म्हणाला, "आई, ह्यांना विष नसतं."

"इष नसू दे. दात हायेत का न्हाई?"

"आहेत, पण बारीक."

"मंग ठेव तुज्यापाशी!"

त्या दिवसापासून सापांच्या खोलीच्या दाराखाली फडकं कोंबलेलं असे. ते सैल तर झालं नाही ना, हे आम्ही दोघी आळीपाळीनं बघायचो. सासू-सुनेचं इतकं एकमत आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

*

हिवाळ्यात प्रसादनं भोपळ्याला शेवंतीच्या पेटीत सोडलं. स्वतःच्या लग्नात घातल्या नव्हत्या एवढ्या येरझाऱ्या त्यानं त्या खोलीबाहेर घातल्या.

नेमक्या तेव्हा शेजारच्या जोशी काकू विरजण मागायला आल्या. स्वयंपाकघराचं दार समजून त्यांनी शेजारचं दार ढकललं. पेटीच्या काचेपलीकडे दोघं एकमेकांना विळखा घालून पडलेले!

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या भिंतीला टेकून खाली सरकत गेल्या, हातातली वाटी तशीच धरलेली. मी पाणी मारलं, पाय चोळले. अर्धं पाणी माझ्याच साडीवर. डोळे उघडल्यावर काकू पहिलं वाक्य काय बोलल्या असतील?

"दार लाव गं. त्यांचं चाललंय."

*

मग शेवंतीनं खाणं टाकलं. पोट फुगलं, रोज पाण्याच्या भांड्याला विळखा घालून बसायची. अंडी पोटात अडकली तर मादी मरते, हे प्रसादनं कुठंतरी वाचलं आणि त्याचीच झोप उडाली. भोरच्या गुरांच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "सर, मी गाई-म्हशींचा माणूस. हिला पुण्याला न्या."

उशीच्या अभ्र्यात शेवंती, अभ्रा कापडी पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर, असे आम्ही बाईकवर निघालो. कापूरहोळला बाईक बंद पडली. समोर एसटी उभी होती, खच्चून भरलेली. प्रसाद चढता चढता कंडक्टरला काकुळतीनं म्हणाला, "साहेब, जरा बघा ना, बाळंतपण जवळ आलंय, दवाखान्यात न्यायचंय!"

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. पिशवी मी पदराखाली घट्ट धरलेली. "ए, उठा रे! बाईंना जागा द्या!"

खरं सांगायला माझं तोंड उघडेना. शेजारी एक मावशी होत्या. त्यांनी मायेनं पाठीवरून हात फिरवला, "भिऊ नगं, पोरी," आणि मी काही म्हणायच्या आत तोच हात पदरावरून पिशवीवर ठेवला. आत शेवंती सरकली. आता मावशी किंचाळणार, गाडीत पळापळ होणार, कुणी दारातून उडी टाकणार...

मावशींचा चेहरा उजळला. "आगं, कसलं फिरतंय! पोरगाच हाय बग!"

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंडी ठीक आहेत, काही अडकलेलं नाही. मी तिथल्या बाकावर बसून रडले. शेवंतीसाठी का स्वतःसाठी, ते अजून कळलेलं नाही.

*

शेवंतीनं अंडी घातली ती एकमेकांना चिकटलेली, पांढरी, चामड्यासारखी. प्रसादनं ती तिच्या विळख्यातून सोडवून थर्माकोलच्या खोक्यातल्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. तेव्हा तिचं तोंड टॉवेलनं झाकून धरायचं काम माझ्याकडे होतं. त्यावर मी एवढंच सांगेन की तो टॉवेल नंतर कुणी वापरला नाही.

एका दुपारी वारा सुटला आणि लाईट गेली. प्रसाद कॉलेजात. इन्व्हर्टर थोडा वेळ चालला, मग तोही बसला. थर्मामीटरचा आकडा एकेक घर खाली यायला लागला. मी नुसती बघत राहिले. तेवढ्यात दाराखालचं फडकं बाजूला झालं. सासूबाई! इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं होतं. डोळे गच्च मिटलेले, हातात त्यांची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी.

"कुठं ठिवू? लवकर सांग, म्या डोळं उगडनार न्हाई!"

लाईट येईपर्यंत त्या चुलीवर पाणी तापवत राहिल्या आणि डोळे मिटून तीच पिशवी खोक्याशी ठेवत राहिल्या. संध्याकाळी प्रसाद त्यांच्या पाया पडायला गेला, तर म्हणाल्या, "लांबड्यासाठी न्हाई केलं. बाळंतिनीसाठी केलं."

*

आमचा मित्र नीलेश सर्पमित्र आहे. वेल्ह्याकडच्या गोठ्यांतून, पलंगांखालून त्यानं कितीतरी नाग हसत हसत बाहेर काढलेत. पिल्लं निघायची वेळ आली, तेव्हा एक अंडं फुटेचना. आतलं पिल्लू गुदमरू नये म्हणून कवचाला बारीक चीर द्यायची ठरली. प्रसादनं नखं कापायची कात्री नीलेशच्या हातात दिली.

नीलेशच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. कात्री अंड्यापर्यंत न्यायचा आणि मागं घ्यायचा.

"अरे, नाग धरतोस ना तू?" प्रसाद वैतागला.

"नाग मला मारू शकतो," नीलेश म्हणाला. "इथं उलटं आहे!"

शेवटी त्यानंच चीर दिली. इवलंसं नाक बाहेर आलं, तेव्हा आम्ही सगळेच खाली फरशीवर बसलो.

*

आता हा शेवटचा. सासूबाई आज ठणठणीत आहेत, म्हणूनच सांगता येतो.

पिल्लांच्या एका डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि एक पिल्लू पसार झालं. ऐन पावसाळा. रविवारी घर उलटंपालटं केलं. सासूबाई म्हणाल्या, "म्या परसात बगते. घरात कुठं मिळतंय का तुमी बगा." पिल्लं निघाल्यापासून त्यांची भीती पार गेली होती. रोज काचेला नाक लावून बसायच्या.

आम्ही फ्रिज ओढला. मागं, कॉम्प्रेसरच्या उबेला, आमचं पिल्लू चेंडू होऊन बसलेलं! मी आनंदानं ओरडले, "आई, सापडलं!"

परसातून आवाज आला, "तुला कसं सापडंल? ते तर हितं माज्या वटीत हाय!"

प्रसादचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही मागच्या दारात गेलो. सासूबाई सरपणाशेजारच्या दगडावर बसल्या होत्या, पदराची ओटी दोन्ही हातांनी धरून. आतून प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येत होता.

"सरपनात दडलं हुतं. लई भुकेलंय जनू," त्या कौतुकानं म्हणाल्या.

प्रसादनं माझा दंड दाबला. गप्प. मग अगदी सावकाश तो आईला म्हणाला, "आई, ते घाबरलंय. अजिबात हलू नको हं."

"व्हय रं. म्या कुठं हलतीया?"

मी आत जाऊन नीलेशला फोन लावला. तो येईपर्यंत सासूबाई ओटीशी बोलत होत्या, "उगी, उगी." प्रसाद दारात उभा राहून हसऱ्या चेहऱ्यानं त्यांना मार्गासनीच्या भातलावणीचं विचारत होता, आणि पाठीमागच्या हातानं दाराची चौकट आवळून धरत होता.

नीलेश आला. त्यानं सोबत आणलेली प्लॅस्टिकची बरणी ओटीच्या तोंडाशी लावली, काठीनं पदर अलगद उचलला. पिल्लू आत पडलं, त्यानं बरणीवर फटकन डंख मारला आणि प्लॅस्टिकवरून पिवळसर थेंब खाली ओघळला.

सासूबाई त्या थेंबाकडे बघत राहिल्या. "हे आपलं न्हाई?"

"नाही, काकू," नीलेश म्हणाला. "घोणस आहे."

मी त्यांना धरायला पुढं झाले. वाटलं, आता पडणार. पण त्या पडल्या नाहीत. पदराकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं.

"एवढुसं हाय रं," त्या हळूच म्हणाल्या. "मंग ह्याची आय कुठंय?"

आम्ही चौघांनी सरपणाकडे पाहिलं.