चारोळीच्या झाडांचे पत्ते

लोकांच्या पैशांवर झालेलं संशोधन कुलपात ठेवणं हा अन्याय आहे, अशी पत्रकं मी विद्यापीठात वाटली आहेत. त्यामुळे खुल्या विज्ञानाच्या कार्यशाळेत आपापली माहिती संकेतस्थळावर चढवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांत आधी मीच सरसावले. माझ्या तक्त्यात चारोळीच्या प्रत्येक झाडाची जागा नकाशासकट होती.

ज्या गावाच्या जंगलात मी ती झाडं मोजली, तिथल्या एका बाईला मी हौसेनं सोबत आणलं होतं. तिनं विचारलं, "हे कोन पाहू शकते?"

"जगातलं कोणीही," मी ऐटीत म्हणाले.

"मंग व्यापाऱ्याचे मानसंबी पाहतीन. पंडुम, नव्या फळाची पूजा, झाल्याबिगर आमी चारोळीचे चारं तोडत नाई. ते त्याच्या आधीच झाडं ओरबाडून नेतीन. काऊन वो पोरी, आमच्या झाडाचे पत्ते तुले कोनं वाटाले सांगतले?"

मी कार्यशाळेत शिकवणाऱ्या सरांकडे वळले. त्यांनी हसत मला जागांचे रकाने काढायला लावले. फळ कधी पिकतं, किती येतं, ते खुलं राहिलं.

"आता झालं?" मी विचारलं.

"कुठी झालं? जगाले वाटून राह्यली, अन् गावाले?"

म्हणून पंडुमच्या दिवशी मी गावात सगळे निष्कर्ष मराठीत वाचून दाखवले. पूजा आटोपल्यावर बाईनं माझ्या हातावर मूठभर चारं ठेवली.

"आता खा," ती म्हणाली. "आता चालते."