पाच डब्यांचं वाद्य

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माळ्यावर जुने सेट साचतात, तसे ते साचत जातात. मालक न्यायला येत नाही आणि फेकून द्यायला आपला हात धजत नाही. नामदेवरावांच्या दुकानातले असे बरेच माझ्याकडे पडून आहेत. चार मित्र जमले की मी एखादा काढतो, लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? हसून झाल्यावर घरी जाताना मला फार वाईट वाटतं.

दुकान अमरावतीत, राजापेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. साठीच्या दशकाची शेवटची वर्षं. नामदेवराव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पलटणीच्या सिग्नल विभागात होते, परत आल्यावर रेडिओ दुरुस्त करू लागले. संध्याकाळी तिथे आम्ही तिघं ठरलेले. मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारे गुणवंतराव मास्तर, पत्र्याचं काम करणारे हबीबभाई, आणि टेलिफोन एक्स्चेंजात लोकांची बोलणी जोडायला दिवसभर बोर्डात दोऱ्या खुपसणारा मी, पुंडलिक.

चौघांनाही दुसरं काही व्यसन नव्हतं. असतं तर बरं झालं असतं!

* * *

एकदा नामदेवरावांनी रद्दीतून एक विलायती मासिक आणलं. त्यात भिंतीएवढ्या यंत्राचा फोटो होता. नुसते डबे, आणि डब्याडब्यांतून लोंबणाऱ्या वायरी. एक डबा आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा उघडतो-मिटतो. तुम्ही वायरींनी हवे तसे जोडा, हवा तसा आवाज काढा. जगात कुणी न ऐकलेला! त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता आलं नाही.

लेखात बजावून सांगितलं होतं की सगळे डबे एकदम करू नका, सुरुवातीला मोजके निवडा. आणि सगळ्यात आधी जो डबा घ्यायलाच हवा, तो म्हणजे...

पुढचं पान फाटलेलं!

नामदेवराव रद्दीवाल्याकडे गेले. त्याने सांगितलं, सुटी पानं दाणेवाला नेतो. ते दाणेवाल्याकडे गेले. दाणेवाला म्हणाला, "भाऊ, त्याच्यात खारे दाणे बांधून देल्ले. कोन घेऊन गेलं, मले काय माईत!"

नामदेवराव परत येऊन स्टुलावर बसले. "मंग आता आपल्यालेच ठरवा लागते," ते म्हणाले, "पयले काय बनवाचं ते."

* * *

मी एकदा विचारलं, "नामदेवराव, पेटी हाय, तबला हाय, बासरी हाय. हे नवं लचांड काहून?"

ते वायरीच्या जोडाला कथलाचा डाग देत होते. मान वर न करताच बोलले, "शाळेत पेटी होती. मास्तरनं मले कवाच हात लावू देल्ला नाई. मी खिडकीच्या भायेर उभा राहून आयकाचो. आता वाटते, असं वाद्य बनवावं का ज्याच्यावर पयला हात माह्याच पडंन."

 त्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, गिऱ्हाईक त्यांना 'साहेब' म्हणायचं. पण ती खिडकी काही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव आपल्या गुरूची मोडकी पेटी घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "हिच्या पट्ट्या काढा. तुमच्या यंत्राले लावा."

"गुरूची हाय ना मास्तर?"

"म्हणून तं आणली!"

नामदेवरावांनी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि उगाच आत पाणी प्यायला गेले.

* * *

सामान जुन्या रेडिओंतून काढायचं, त्यामुळे एका वेळी एकच डबा होणार. कोणता, यावर आठ दिवस भांडण झालं. गुणवंतराव म्हणाले, आवाज गाळायचा डबा आधी करा, सूर गोड पाहिजे. हबीबभाई तेलाचे चौकोनी डबे कापून यंत्राच्या पेट्या करत होते. ते म्हणाले, "मास्तर, पहले आवाज तो आने दो! फिर मीठा करो!"

हबीबभाई जिंकले. पहिला डबा आवाज काढायचा झाला. त्याचं नाव आम्ही ठेवलं बोंबल्या.

रविवारी सकाळी बोंबल्या सुरू केला आणि तो अक्षरशः बोंबलला! आम्ही आनंदाने एकमेकांना मिठ्या मारल्या. मग लक्षात आलं की बटण नामदेवरावांच्या हातात आलंय आणि डबा काही थांबत नाहीये. शेजारचा शिंपी कात्री घेऊन आला. समोरची फुलवाली बाई टोपली टाकून पळाली, तिला वाटलं हवाई हल्ल्याचा भोंगा झाला.

दुकानामागेच नामदेवरावांचं घर. तिथून वच्छलावहिनी आल्या, शांतपणे मेन स्विच पाडला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पयले बंद कराचा डबा बनवा!"

विलायती मासिकाच्या फाटक्या पानावर तेच लिहिलेलं असणार, अशी माझी आजही खात्री आहे. दुसरा डबा आम्ही तोच केला. त्याचं नाव दार. पट्टी दाबली की दार उघडायचं, सोडली की मिटायचं.

* * *

मग सुराचं संकट आलं. सकाळी लावलेला सा दुपारी खाली बसायचा. नामदेवरावांनी कॉइल बदलली, व्हॉल्व्ह बदलला, काही उपयोग होईना. शेवटी हबीबभाईंनी शोध लावला. पलीकडच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मोटारी सुरू झाल्या की आमच्या विजेच्या लाईनचा जोर कमी व्हायचा, आणि त्याबरोबर सा घसरायचा!

"सा कोमल होत नसतो!" गुणवंतराव चिडून म्हणाले. "शास्त्रातच नाई तसं!"

हबीबभाई म्हणाले, "शास्त्र लिखनेवाले कपास के सीझन में अमरावती आए नहीं होंगे, मास्तर!"

तेव्हापासून कापसाचा हंगाम असेतो आम्ही जिनिंगच्या जेवणाच्या सुट्टीत रियाज करायचो. अर्धा तास. जगात कुणी न ऐकलेला आवाज, पण दुपारी साडेबारा ते एक!

* * *

तिसरा डबा चाळणी. तोच तो, आवाज गाळायचा. याने आमचे तीन महिने खाल्ले.

नामदेवरावांचं म्हणणं, चाळणी फार गाळते, वरचे सूर येतच नाहीत. चार वेळा त्यांनी तो डबा उकलला आणि चार वेळा नव्याने बांधला. पाचव्या वेळी बोंबल्याचा सूर चढवत चढवत पार टोकाला नेला. हबीबभाईंनी कानात बोटं घातली. दुकानाच्या पायरीवर झोपणारं कुत्रं उठून चौकाकडे निघून गेलं.

आणि नामदेवराव आमच्याकडे बघत विचारत होते, "आला का? अजून नाई आला ना?"

गुणवंतरावांनी बोंबल्याचा सूर खाली आणला. मग म्हणाले, "चाळणी बरोबर हाय, नामदेवराव. आता तिले हात नोका लावू."

एवढंच. पुढचं वाक्य आमच्यापैकी कुणीही उच्चारलं नाही. मीसुद्धा नाही. मी स्वतःला समजावलं की सर्दीने त्यांच्या कानाला दडे बसले असतील.

* * *

तीन डबे आणि आवाज बाहेर सोडणारा कर्णा, तोही डब्यातच बसवलेला, एवढ्या भांडवलावर आम्ही अकोल्याला कार्यक्रम ठरवला! गुणवंतरावांचे साडभाऊ तिथल्या एका शाळेत मास्तर होते, स्नेहसंमेलनात दहा मिनिटं मिळाली. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. तिकीट तपासणारा डब्यांकडे बघून म्हणाला, "एवढं तेल कोठी नेता?"

"तेल नहीं साहब, गाना है," हबीबभाई म्हणाले. त्याने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही बडनेऱ्याला परत उतरायला हवं होतं.

कार्यक्रमात डबे जोडायचं काम माझं. एक्स्चेंजातल्या बाद दोऱ्या मीच मागून आणल्या होत्या, त्या खुपसायला माझ्याइतका सरावाचा माणूस कुठे मिळणार! नामदेवरावांनी संथ धून सुरू केली. सभागृह चूप. बरं वाजत होतं हो! खरंच बरं वाजत होतं.

धुनेच्या मध्ये त्यांनी एक लांब विराम घेतला. आणि माझा हात आपोआप पुढे गेला. बोलणं थांबलं की दोरी काढायची, पंधरा वर्षांची सवय! मी तिन्ही दोऱ्या उपटल्या आणि नीट गुंडाळूनही ठेवल्या.

पोरं खो खो हसायला लागली. मी घाईघाईने दोऱ्या सोडवू लागलो. आणि वर पाहिलं तर नामदेवराव वाजवत होते.

विराम संपवून त्यांनी पुढची धून धरली होती. मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरत होती, मान डोलत होती. पोरांची तोंडं हसताना दिसत होती आणि ते खूश होऊन त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, पोरांना आवडलं.

मी दोऱ्या परत लावल्या नाहीत. लावून तरी काय करणार होतो? पडद्याआड उभा राहून मी रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

* * *

पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना अकोल्याला कानाच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासलं, आणि बराच वेळ हात धुतले. मग सांगितलं की कानाची नस सुकत चालली आहे, लढाईतल्या हेडफोनपासूनच सुरुवात झाली असणार. इलाज नाही.

"किती दिवस?" नामदेवरावांनी विचारलं.

डॉक्टरने वर्ष-दीड वर्ष म्हटलं, पण हळू आवाजात म्हटलं. त्यामुळे ते मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून सांगावं लागलं. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ते ऐकलं.

 परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आल्यावर ते म्हणाले, "अजून एक डबा बनवाचा रायला."

मी जोरात म्हणालो, "राहू द्या ना आता!"

"नाई. बनवाचा. मले नाई आयकू आलं तं तुमी हा ना. आता तुमी जे सांगान, तेच मले आयकू येईन."

* * *

तो डबा बांधायला सव्वा वर्ष गेलं. सूर लाटेसारखा झुलवणारा डबा, नाव पाळणा. कर्णा धरून पाच डबे पुरे झाले. तोवर नामदेवरावांना काहीच ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं होतं. मुका रेडिओ बहिऱ्याकडे कोण टाकणार? लोक तोंडावर तसं म्हणायचे, त्यांना ऐकू येत नाही म्हणून! वहिनी दर्यापूरला भावाच्या गावी जाऊन राहू या म्हणत होत्या. नामदेवराव एकच म्हणायचे, "एक डाव वाजू दे. मंग चाल, कोठी म्हनशीन तथी."

शेवटी एका रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. दुपारी, जिनिंग बंद असताना. दुकान झाडून काढलेलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पाचही डबे टेबलावर एका ओळीत, दोऱ्या जोडलेल्या. दोऱ्यांना हात लावायचा नाही, असं मला हातानेच खुणावलं. वहिनी आतल्या दाराशी उभ्या होत्या.

नामदेवराव बसले, पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावला आणि वाजवायला लागले.

आवाज नाही.

मला वाटलं, हळू सुरू होत असेल. मी पुढे वाकलो. काही नाही. कर्णा मुका. सव्वा वर्षाचं काम, आणि साधी खरखरसुद्धा नाही! मी हबीबभाईंकडे पाहिलं, हबीबभाईंनी मास्तरांकडे. आणि नामदेवराव पट्ट्यांकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

गुणवंतराव म्हणजे असा माणूस, की उभ्या आयुष्यात एका पोरीला 'बरं गायलीस' म्हटलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. हबीबभाईंनी हात वर केला, "वाह! क्या बात है!" मग मीही मांडीवर ताल धरला. काय करणार होतो? तुम्ही काय केलं असतं?

नामदेवरावांनी अख्खी धून वाजवली. अकोल्याला घेतला होता तो विरामही घेतला. आम्ही विरामात थांबलो आणि पुढे परत डोललो. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तर त्यांनी ठरवून आणलेलं नव्हतं.

धून संपली. आम्ही टाळ्या वाजवल्या. गुणवंतराव उठून त्यांच्यासमोर गेले आणि ओठ मोठे मोठे हलवत म्हणाले, "शुद्ध! एकदम शुद्ध!"

नामदेवरावांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग खाली वाकले, टेबलाखाली सुटीच पडलेली यंत्राची विजेची वायर ओढून काढली आणि तिची पिन आमच्यासमोर टेबलावर ठेवली.

"आता लावतो," ते म्हणाले. "आता सांगा, कसं वाजते ते."