पाव मैल धावपट्टी आणि मनगटाची दोरी

सोलापूरला मी पहिल्यांदा गेले ती राखणदार म्हणून. धाकटा भाऊ सुधीर पुण्यातल्या एका गॅरेजमालकाकडे पगारावर मोटारसायकल पळवायचा. त्या शर्यतीत वळण नाही, चढ नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ पाव मैल सुसाट सुटायचं, जो आधी पोचेल तो जिंकला. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. सोलापूरबाहेरच्या एका धावपट्टीवर अशा शर्यती ठरल्या, आणि आई मला म्हणाली, "तो काही ऐकायचा नाही. निदान तू बरोबर जा." मी जाऊन काय दिवे लावणार होते देव जाणे. मला झोपाळ्यावर बसायचीसुद्धा भीती वाटते.

आज तुम्ही पुण्याहून निघालात तर चार-साडेचार तासांत सोलापूर. आम्हाला पुरा दिवस लागला. मागे दोरांनी आवळलेली गाडी, पुढे टेम्पोवाले जगूभाऊ, सुधीर आणि मी. यवत, भिगवण, इंदापूर, सगळा रस्ता एकपदरी. समोरून ट्रक आला की जगूभाऊ टेम्पो खाली मातीत घालायचे आणि मी डोळे मिटायचे. उजनीचं धरण तेव्हा पुरं व्हायचं होतं. हल्ली तुम्ही भिगवणला फ्लेमिंगो बघायला होडीत बसता ना, तिथं ज्वारी उभी होती.

टेंभुर्णीला चहा घेतला. पंचवीस पैशांत चांगला पेलाभर, आल्याचा. तिथं जगूभाऊंनी सहज सांगावं तसं सांगितलं, "मागल्या टायमाला एक गडी पडला की. गाडी अंगावर, आन् इंजान काय बंद पडंना. चाक आपलं फिरतंच हाय. पाय गेला बिचाऱ्याचा."

"त्याची वेग वाढवायची मूठ अडकली असेल," सुधीर म्हणाला आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं. मला तो चहा संपवता आला नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेत आत्याकडे उतरलो. दोन खोल्या, आणि भिंतीला लागून शेजारच्या राजय्यांचा यंत्रमाग. ते मूळचे तेलुगू, पन्नाशीचे, कानावर कायम सुताचा तुकडा. आत्यानं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. सोलापुरात जाल तेव्हा शेंगाचटणी उखळात कुटलेलीच घ्या, तिला तेल सुटलेलं असतं. मी मात्र घास नुसते चावत होते. भिंतीपलीकडून खटखट, खटखट, आणि एकदम सगळं शांत झालं. मी दचकून उभी राहिले.

"काय झालं?"

"काय न्हाय गं, धागा तुटला," आत्या म्हणाली. "जेव की."

मी जेवण टाकून तशीच शेजारी गेले. राजय्या तुटलेल्या आडव्या धाग्याच्या जागी नवा घेत होते. माग त्यांनी थांबवला नव्हता, तो आपसूक थांबला होता. धागा तुटला की एक बारीक काटा पडतो आणि पट्टा सुटतो, असं त्यांनी मला दाखवलं. मी जगूभाऊंची गोष्ट सांगितली. सांगताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

राजय्यांनी नव्या धाग्याचं टोक तोडून कानावर अडकवलं. मग म्हणाले, "ताई, माझा धागा तुटला तर माग थांबतो. तुमचा भाऊ पडला तर गाडी का थांबत न्हाय? मानूस काय धाग्याहून स्वस्त हाय का?"

त्याच संध्याकाळी त्यांनी आणि सुधीरनं मिळून ते केलं. इंजिनाला ठिणगी देणारी तार तोडून मध्ये एक छोटं सॉकेट बसवलं. त्यात दोन पिनांचा प्लग, आतून तारेनं जोडलेला. प्लग आत असला की गाडी चालू, निघाला की बंद. प्लगला मागावरची पिळाची सुती दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक सुधीरच्या डाव्या मनगटाला. माणूस गाडीवरून गेला की प्लग त्याच्याबरोबर जाणार. मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सराव होता. धावपट्टी गावाबाहेर, सगळीकडे काळी माती आणि मधेच हा लांबलचक सिमेंटचा पट्टा. लोकांना अडवायला एक सुंभाची दोरी. दवाखान्याच्या नावानं एक जीप आणि तिच्यात बाज. बहुतेकांच्या डोक्याला हेल्मेटही नव्हतं, सुधीरला मी माझ्या पगारातून घेऊन दिलं होतं म्हणून होतं.

झेंडा पडला, सुधीर पुढे झुकला, आणि दोरी अपुरी पडून प्लग निघाला. गाडी जागच्या जागी गप्प. लोक खो खो हसले. सकाळीच पुण्याहून येऊन पोचलेले गॅरेजमालक लाल होऊन ओरडले, "शेळी आहेस का रे दाव्याला बांधायला? काढ ते!"

सुधीरनं खरंच दोरी सोडली. मी हातापाया पडले. आमच्याबरोबर आलेले राजय्या म्हणाले, वीतभर वाढवू की, त्यात काय. सुधीर ऐकेना. शेवटी माझं तोंड बघून त्याला कीव आली असावी. "बरं, उद्या बांधतो. आणि तुझ्या समाधानाला नारळही फोड. मग तरी गप्प बसशील?"

नारळ मी भवानी पेठेतूनच घेतला, चांगला पाण्यानं भरलेला. शर्यतीच्या सकाळी सुधीर रेषेवर आला. मनगटाला लांब केलेली दोरी होती. मी पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला.

"ताई, बाजूला फोडा की. मातीत फोडा," राजय्या म्हणाले.

पण आमच्याकडे नवी गाडी घेतली, टेम्पो निघाला, की नारळ चाकापुढेच फोडतात. बाजूला फोडलेला कसा लागू पडेल? मी चाकापुढे सिमेंटवर आपटला. पाणी उडालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घाईघाईनं तुकडे गोळा केले. मला वाटलं, सगळे केले.

झेंडा पडला. गाडी जेमतेम स्वतःच्या लांबीएवढी पुढे गेली, आणि मागचं चाक सरकन बाजूला गेलं. सुधीर पडला, गाडी त्याच्या पायावर, मूठ तशीच पिळलेली. इंजिन किंचाळलं, आणि त्याच क्षणी गप्प झालं. भिंतीपलीकडचा माग थांबला होता ना, अगदी तसं. मी धावले. त्याच्या पँटचं टोक साखळीत शिरून दातेरी चाकापर्यंत गेलेलं होतं. आणखी अर्धा फेरा, आणि पाऊल आत गेलं असतं. प्लग त्याच्या मनगटाला लोंबकळत होता.

गळपट्टीचं हाड मोडलं, कोपर सोललं. पाय शाबूत. बाजेवर घालताना तो मला म्हणाला, "दोरी बांधली होती ना मी."

जीप गेल्यावर मी रेषेपाशी आले. ओल्या सिमेंटवर चाकाचा घसरलेला काळा पट्टा उठला होता, आणि त्याच्या सुरुवातीला करवंटीचा एक तुकडा, पांढरं खोबरं तसंच चिकटलेलं. राजय्या माझ्या आधीच तिथं होते. त्यांनी तो उचलून खिशात टाकला, खांद्यावरच्या पंच्यानं सिमेंट पुसलं, आणि म्हणाले, "चला ताई, दवाखान्यात कुनीतरी पायजे की."

परतीच्या रस्त्यात सुधीर झोपला होता आणि मी प्रत्येक खड्ड्याला त्याचा खांदा धरत होते. पुण्याला पोचल्यावर मी आयोजकांना पत्र लिहिलं. प्रत्येक गाडीला अशी दोरी हवी, आणि पट्टीवर कुणी नारळ फोडू नये. पुढच्या शर्यतींना दोन्ही नियम लागले. दोरी का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नारळ का नको, हे मला कुणी विचारलं नाही.

घरी आईनं देवापुढे दिवा लावला होता. तिनं सुधीरचा पाय दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, आणि मग नवा नारळ माझ्या हातात दिला. "तुझ्याच नारळानं वाचला गं माझा पोरगा. हाही तूच फोड."

मी फोडला. एकूण एक तुकडा वेचला, आईला वाटलं प्रसादासाठी.

आई गेली, राजय्याही गेले. सोलापूरला मी नंतर बऱ्याचदा गेले, शेंगाचटणी आणली, चादरी आणल्या, पण त्या धावपट्टीकडे पाय वळला नाही. इतकी वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुधीर सत्तरीचा झाला, रोज दोन मैल चालतो, आणि माझी प्रत्येक पोस्ट सगळ्यांच्या आधी वाचतो. ही वाचली की त्याचा फोन येईल. मी उचलेन.