बुडवेमामांचा मसाला

बुडवेमामांनी आयुष्यात कुणाला बुडवलं नाही. बुडवली ती तारेची वेटोळी, कारखान्याच्या ॲसिडच्या हौदात. भट्टीतून आलेल्या तारेवर काळी खपली असते, ती निघाल्याशिवाय तार ओढून बारीक करता येत नाही. ॲसिड ती खपली खातं. पण ॲसिड म्हणजे अधाशी पाहुणा. वाढलेलं संपलं की ताटालाच चावणारा. खपली संपली की ते पोलादाला दात लावतं, फसाफसा बुडबुडे उठतात आणि चांगली तार झिजून जाते. म्हणून हौदात एक औषध घालतात. पिंपातून येतं, तपकिरी रंगाचं, आणि त्याला उन्हात विसरलेल्या मासळीसारखा वास. ते पोलादाच्या अंगाला चिकटून बसतं आणि ॲसिडला दटावतं, खपली खा, इथं तोंड लावायचं नाही.

काम एवढंच. पण सरळ काम करून मामांचं पोट कधी भरलं नाही. औषध ओतून झालं की ते घरून आणलेला डबा उघडायचे आणि चारचौघांच्या देखत त्यातला लालसर काढा हौदात सोडायचे. "पिंपातलं आपलं नावाला, खरी करामत माझ्या मसाल्याची!" मसाला म्हणजे कांद्याची सालं, वापरलेली चहापत्ती, आणि त्या दिवशी हाताला लागेल ते. अख्खी गल्ली त्यांच्यासाठी सालं साठवायची. ती उकळायच्या मामी, आणि सालांबरोबर मामांचाही उद्धार व्हायचा.

बरं चाललं होतं. तेवढ्यात कारखान्याच्या प्रयोगशाळेत मामांची सख्खी भाची कामाला लागली. लहानपणापासून मसाल्याच्या बढाया ऐकून तिचे कान किटले होते.

"मामा, एकदा तुमचा मसाला एकटा तपासू या."

"एकटा? तो कशाला एकटा? दोघं कसे गुण्यागोविंदानं नांदताहेत."

"मग राबतंय कोण आणि मिरवतंय कोण, कळायचं कसं?"

फोरमन तिथंच उभा होता. त्याला आयतंच फावलं. "होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर! खरा निघाला तर हौदावर तुमचं नाव रंगवून घेतो. खोटा निघाला तर डबा घरी, आणि मसाल्याबद्दल पुन्हा चकार शब्द नाही."

चकार शब्द नाही! जेवू नका म्हटलं असतं तर मामांनी एक वेळ ऐकलं असतं. बोलायचं नाही म्हणजे जगायचं कशावर?

तपासणीच्या दिवशी सकाळी मामांनी बाटलीत मसाला भरला, स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून लपवून आणलेलं पिंपातलं झाकणभर औषध त्यात ओतलं. हुंगून बघितलं. काही नाही. काही असणार कसं? इतकी वर्षं ॲसिडची वाफ ओढून मामांचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी ते वर्तमानपत्र वाचत बसायचे. मामा शीळ घालत आंघोळीला गेले.

प्रयोगशाळेत भाचीनं काचेचे तीन पेले मांडले. तिन्हींत सारखं ॲसिड. एकात फक्त ॲसिड, दुसऱ्यात पिंपातलं औषध, तिसऱ्यात मामांची बाटली. बाटली हुंगून ती म्हणाली, "अगदी कांदाच कांदा हो मामा!" मामा मनात म्हणाले, पचलं. मग तारेचे तीन चकचकीत तुकडे वजन करून तिनं आत सोडले.

पहिला पेला उतू जाणाऱ्या दुधासारखा फसफसला. दुसरा गप्प. तिसऱ्यात मधूनच एखादा बुडबुडा उठायचा, विचार करून बोलणाऱ्या माणसासारखा. पुन्हा वजन केलं तेव्हा पहिल्या तुकड्याची रया गेली होती, पिंपातल्या औषधाचा जवळपास जसाच्या तसा होता, आणि मसाल्याचा त्याच्या पाठोपाठ.

"दुसरा नंबर!" फोरमन ओरडला. "कांद्याच्या सालांनी! मामा, हरलो बुवा!"

लोक मामांची पाठ थोपटत होते आणि मामांचा चेहरा प्रेताला खांदा दिल्यासारखा. त्यांचा हिशेब वेगळा होता. आत पिंपातलं औषध असूनही दुसरा नंबर? म्हणजे मसाला नुसता निकामी नाही, चांगल्या औषधाचीही त्यानं माती केली. इतकी वर्षं आपण हौदात मिठाचा खडाच टाकत आलो.

संध्याकाळी घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले.

"अहो, पडला का मसाला?" मामींनी विचारलं.

"दुसरा आला."

"मग नाचा की!"

"काय नाचू, कपाळ! अगं, त्यात मी..." मामांनी जीभ चावली.

"पिंपातलं घातलं होतं," मामींनी वाक्य पुरं केलं. "शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडे काय मेलंय म्हणून. नाक तुमचं गेलंय, माझं शाबूत आहे. तुम्ही आंघोळीला गेलात तशी मागच्या मोरीत ओतली ती बाटली. धुतली, आणि पातेल्यातला काढा भरला. नुसता."

"नुसता?"

"नुसता. मी उकळलेला काढा आहे तो, त्याला कुबड्या कशाला?"

मामांची पाठ हळूहळू भिंतीपासून सुटली, मान ताठ झाली. "मला खात्री होतीच," ते म्हणाले.

"हो का? मग तुमच्या खात्रीनं माझी मोरी घाण झालीय. उठा, घासा आधी."

मामांनी बाह्या सरसावल्या आणि मोरी घासायला घेतली. थोड्या थोड्या वेळानं ते विचारत होते, "आता गेला का गं वास?"

वास दुपारीच गेला होता. मामी निवांत चहा पीत बसल्या होत्या. "अजून थोडा येतोय," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात घासा."